डोंगरावरचा लाल उजेड

मंगळवार, १७ नोव्हेंबर १९९८
संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. बॅटरीच्या काचेवर लाल कागद चिकटवला, हात धुतले आणि लिहायला बसलो.

प्रिय अक्का,

जयभीम. आई बरी आहे, थंडीने गुडघा धरतो एवढेच. म्हशीला रेडी झाली.

आज मध्यरात्रीनंतर सिंह राशीतून उल्का पडतील. चंद्र नाही. उल्का नुसत्या डोळ्यांनी दिसतात, म्हणून दुर्बीण नेणार नाही. ती आईच्या ट्रंकेमागे गोधडीत गुंडाळून ठेवली आहे.

गावात विहिरींवरच्या दोन मोटारी चोरीला गेल्या. तालमीतली पोरे रात्री गस्त घालतात. डोंगरावर लाल उजेड दिसतो, ती चोरांची खूण, असे सगळे म्हणतात.

अक्का, तो उजेड माझा आहे. पांढऱ्या उजेडाने डोळे दिपतात आणि बारीक तारे दिसत नाहीत, म्हणून नकाशा वाचायला मी बॅटरीला लाल कागद लावतो.

शनिवारी यल्लाप्पा नावाच्या फिरत्या घोंगडीवाल्याला चोर समजून धरले आणि तालमीच्या खोलीत कोंडले. त्या रात्रीपासून मी भीतीने वर गेलो नाही. काल त्याला पाणी द्यायला गेलो. त्याचा एक डोळा उघडत नाही. दारात गस्तीच्या पोरांचे म्होरके केरबाण्णा बसले होते.

"बघ की, ह्याला धरला आन् उजेड बंद. आनि काय पायजे? बुधवारी गाव जमू दे, मग बघतो ह्याच्याकडं."

"उजेड दुसऱ्याचा असला तर?"

"मग दिसंल की परत. दिसला तर इचारत बसायचं न्हाय, आधी काठी." मग हसले. "तुला कशाचा घाम फुटला रं, भूषण्या?"

माझे घरी राहणेच यल्लाप्पाविरुद्ध पुरावा झाले. तोंडाने सांगितले तर मला त्याचा साथीदार म्हणतील. तो आत असताना वर उजेड दिसला, तरच त्यांना पटेल.

बारा वाजता कड्यावर बॅटरी लावून बसणार आहे. पळणार नाही. पळालो तर चोरच ठरेन. आईला नेसरीला जातो असे सांगितले आहे.

हे पत्र तुला मिळेल तेव्हा उल्का पडून गेलेल्या असतील.

सेल चौदा रुपये, लाल कागद एक रुपया, दोन्ही दिले. दुर्बिणीच्या भिंगासाठी भाऊजींनी दिलेल्या पाचशेतले दोनशे राहिले होते, ते आजच आईजवळ ठेवले. आता कुणाचे काही देणे नाही, यल्लाप्पाचे सोडून.

तुझा भाऊ,
बुद्धभूषण