गोषवाऱ्यात एक जास्त

सोमवार, ५ फेब्रुवारी १९७३, नागापूर

मनकर्णा, तू वही देऊन आठ दिवस झाले आणि पहिलं पान आज उघडतोय. उशिराबद्दल बापाला माफ कर. तुमची पत्रं येत नाहीत, निदान रोज चार ओळी लिहा आणि महिनाअखेर वही राहात्याला पाठवा, असं तू म्हणाली होतीस. पण लिहिण्यासारखं काही नव्हतं. आता आहे. मला नोकरी लागली.

तुझ्या नवऱ्याने लावली, हे कबूल करावं लागेल. रंगनाथराव ज्या कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर आहेत, तिथेच मला अपघाताचं रजिस्टर लिहायचं काम मिळालं. कारखान्यात पंपाचे सुटे भाग होतात. कोणाला लागलं की तो मलमपट्टीच्या खोलीत येतो आणि मी त्याचं नाव, खातं आणि काय झालं ते लिहितो. खुर्ची आहे, वर पंखा आहे. राहात्याच्या बाजारात कारभारी मापाडी म्हणून चाळीस वर्षं उकिडवा बसलो. मग वजनाचा काटा आला आणि मला घरी बसवलं. चौथी पास माणसाला या वयात खुर्ची मिळाली, याहून काय हवं?

माझ्याआधी इथे रविकांत नावाचा बी.कॉम. झालेला पोरगा होता. सहा महिन्यांत पळाला. त्याची पानं पाहिली तर ब्लेडने खरवडून चाळणी झालेली. कॉलेजात एवढे पैसे ओतले आणि याला चार खात्यांची बेरीज येईना.

काम सोपं आहे. डाव्या पानावर रोजच्या नोंदी. उजव्या पानावर दर शनिवारी गोषवारा, म्हणजे कोणत्या खात्यात किती जणांना लागलं त्याची बेरीज. खाती चार: ओतशाळा, लेथ, प्रेस आणि इतर. इतर म्हणजे मी आणि चहा करणारी बायडाबाई, दोघंच; ऑफिसची माणसं यात धरत नाहीत. प्रत्येक खात्याला तीन रकाने: किरकोळ, गंभीर, मृत. मृतचा रकाना पहिल्यापासून कोरा आहे. साहेबांनी दोनच गोष्टी बजावल्या. डावी-उजवी बाजू जुळली पाहिजे. आणि शाईने लिहिलेलं खोडायचं नाही, चुकलं तर या खात्यातून त्या खात्यात वर्ग करून शेजारी सही करायची. रविकांतला एवढंही जमलं नाही.

शनिवार, १० फेब्रुवारी

आज पहिला गोषवारा केला. जानेवारीपासूनचे सगळे धरायचे होते. बाजारात करायचो तशा रेघा मारत गेलो, चार उभ्या आणि पाचवी आडवी. किरकोळ जुळले. गंभीर जुळेनात. डावीकडे नावं सहा, उजवीकडे रेघा सात. जास्तीची रेघ लेथच्या रकान्यात. लेथवर दोघांनाच गंभीर लागलंय आणि रेघा तीन.

आधी वाटलं, माझ्याच जिभेची खोड असेल. धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन, असं. पहिलं माप देवाच्या नावाने पडलं की रास वाढते. इथेही माझ्या तोंडून प्रत्येक खात्याला लाभच निघत होतं. लाभ म्हणून एक रेघ मारली असेल आणि पुन्हा एक म्हणून दुसरी, असं धरलं.

म्हणून बायडाबाईकडून मूठभर चिंचोके आणि चार बश्या आणल्या. एका नावाला एक चिंचोका, ज्या खात्याचा त्या बशीत. ती हसून म्हणाली की आबा, म्हातारपणी सारीपाट मांडलाय का. अडाणी बाई. बश्यांत चिंचोके सहा भरले. पुन्हा नव्या कागदावर रेघा मारल्या, सात. तिसऱ्यांदा मारल्या, सात. 

शेवटी तशीच शाईने लिहिली. साहेबांनी न बघताच सही ठोकली. शिकलेली माणसं ही अशी.

सोमवार, १२ फेब्रुवारी

सकाळी साडेदहाला लेथवरच्या एकाचं बोट पट्ट्यात गेलं. मधलं बोट, मुळापासून. लोक त्याला माझ्यासमोर बसवून आपापसात ओरडत होते, बोट कोणी उचललं, कोणी नाही. मी नाव लिहिलं. लेथ, गंभीर. डावीकडे आता तीन झाले.

पोरी, खरं सांगतो, मला आधी बरं वाटलं. जुळलं म्हणून.

शनिवार, १७ फेब्रुवारी

पुन्हा तेच. आज ओतशाळेत एक जास्त. चिंचोका एक, रेघा दोन.

सोमवारचं मनात होतं, पण असल्या गोष्टी बायकांनी मानाव्यात. मी मानणार नव्हतो. मी उपाय काढला. ओतशाळेत एकच नाव आहे, तिथे चूक डोळ्यांत भरते. प्रेसला आधीच तीन आहेत, तिथे चौथा कोण बघतो? म्हणून जास्तीची रेघ प्रेसकडे वर्ग केली आणि सही केली. इतक्यात प्रेसवरचा छगन खरचटलेलं कोपर घेऊन आला. हा छगन म्हणजे तोंडाने शूर. येताजाता मला छेडतो. आज सगळ्यांसमोर म्हणाला, "आबा, आमचं एखादं बोट आगाऊ लिवून ठिवा. पुन्यांदा यायची खेप वाचंल."

सगळे हसले. मीही रजिस्टर मिटून हसलो. आत शाई ओली होती.

सोमवार, १९ फेब्रुवारी

छगन. प्रेस. उजव्या हाताची दोन बोटं.

त्याला आणून माझ्यासमोर बसवलं. माझ्या टाकाकडे बघत राहिला. त्याचं नाव मला नीट लिहिता येईना.

मंगळवार, २० फेब्रुवारी

छगनचं मशीन रंगनाथरावांना दिलं. ते खुशीत आहेत, मोठी प्रेस आहे म्हणे. तुझ्या नवऱ्याला डोकं कमी आणि हौस जास्त, हे मी लग्नातच म्हटलं होतं. आम्ही दोघं राहतो त्या खोलीवर आल्यावर त्यांना म्हटलं की पुन्हा लहान मशीन मागून घ्या. ते हसले.

बुधवार, २१ फेब्रुवारी

बायडाबाईने आज चहा ठेवला आणि गेली नाही. दारात उभी राहिली. मग म्हणाली, "आबा, रवीदादाबी असंच करायचा. शनवारी लिवायचा अन् सोमवारी हुयाचं. त्यो खरवडून काडायचा, पन ते फिरून उमटायचं. पर तवा महिन्यातनं एखांद्या वक्ती. तुमी आल्यापास्नं दर हप्त्याला हाय."

मी विचारलं, माझ्यावेळीच का वाढलं. ती म्हणाली, तुमी लाभ म्हंता नव्हं.

ही बाई सही करू शकत नाही. आणि मी चाळीस वर्षं मोजण्यात घालवली, मला सुचलं नाही. राशीवर म्हणायचं ते मी तुटलेल्या बोटांवर म्हटलं. प्रत्येक खात्यावर, मोठ्याने, राशीला वाढ मिळावी म्हणून म्हणतात तेच. कोणाकडे मागत होतो मी? आणि कोण देत होतं?

मूर्ख म्हातारा. रविकांतची चेष्टा केली. त्याने निदान खरवडून तरी पाहिलं.

शनिवार, २४ फेब्रुवारी

आज तोंड मिटून मोजलं. ओठांत पदर धरतात तसा रुमाल धरला. लाभ म्हटलं नाही, ‘एक’सुद्धा म्हटलं नाही. किरकोळ जुळले. गंभीर जुळले. मनात देवाला हात जोडले.

मग मृतच्या रकान्यात पाहिलं. मी तिथे टाक नेलाच नव्हता. एक रेघ आहे. प्रेससमोर.

ब्लेडने काढली. कागदाला भोक पडलं, खालच्या पानावर तीच रेघ होती, तिथेच. पुन्हा काढली. पुन्हा —

वर्ग करता येते, हे मला माहीत आहे. लेथकडे करू? तिथे अकरा माणसं आहेत, नावं मीच लिहिली आहेत त्यांची. छगनच्या वेळी मला हे माहीत नव्हतं. माहीत नव्हतं ना? शाई ओली असताना मी हसलो होतो.

साहेबांना सांगायला गेलो. ते म्हणाले, चष्म्याचा नंबर बदलून घ्या, बाबा.

रविवार, २५ फेब्रुवारी

रंगनाथरावांना सगळं सांगितलं. ते जेवत होते. हसू दाबत म्हणाले, "मामा, रजेचं कारन काय सांगू साहेबाला? सासऱ्याची बेरीज जुळंना म्हनून?"

तेव्हा मी खोटं बोललो. मनकर्णाला बरं नाही, पाचवा महिना आहे, निरोप आलाय, असं सांगितलं. ताटावरून उठले. दुपारच्या एसटीत बसवून दिलं. डोकं कमी, पण तुझ्यावर जीव आहे त्यांचा. हे मी आधी कधी लिहिलं नाही.

एसटी हलली आणि लक्षात आलं. ते राहात्याला असोत नाहीतर काशीला, त्यांचं नाव प्रेसच्याच यादीत आहे.

सोमवार, २६ फेब्रुवारी, सकाळी आठ

लवकर आलो. रेघ प्रेससमोरच आहे. वर्ग करतोय. इतर खात्यात.

पण इतरमध्ये दोघं आहेत. बायडाबाईने स्टोव्ह पेटवला आणि मी तिला नाही नाही ते बोललो. तुझा चहा म्हणजे खरकटं पाणी, तू साखर चोरतेस, कारखान्यात तोंड दाखवू नकोस. सगळे ऐकत होते. चाळीस वर्षांत मी कोणत्या बाईला असं बोललो नाही. ती रडली नाही. "तुमच्या कामाला आग लागू दे," म्हणाली. टाइमकीपरकडे गेली, यादीतून नाव काढून घेतलं, अंगठा दिला. खिडकीतून पाहिलं — फाटकाबाहेर गेली ती.

आता इतरमध्ये एकच.

नऊ वाजता

वर्ग केली. सही केली. वाळली.

साडेनऊ

प्रेसच्या रकान्यात ओल दिसते. टिपकागद दाबला — पुन्हा ओल. ती परत जातेय. रविकांतचं काढलेलं उमटायचं, तसंच —

दहाला पाच

कळलं. डावीकडे नाव नाही म्हणून ती ठरत नाही. लेथवाल्याचं नाव चढलं तेव्हाच ती रेघ थांबली. छगनचंही तसंच. डावी-उजवी बाजू जुळली पाहिजे. एवढंच तर काम आहे.

वही टेम्पोवाल्याकडे देतोय, तो राहात्यावरून जातो. तो फाटकात उभा आहे.

दहा

डाव्या पानावर माझं नाव लिहिलं. कारभारी. खातं इतर. मृत. अक्षर चांगलं आलं.

प्रेसकडची ओल वाळली. इतरची रेघ — काळी, जाड — मी मारली त्यापेक्षा जाड. जुळलं. पंखा बंद झालाय. मागे कोणीतरी मोजतंय, माझ्यासारखंच, हळू — मी तोंड मिटलंय, मनकर्णा, मी नाही —

रंगनाथराव पोचले का? हात बघ त्यांचे, दोन्ही, सगळी बोटं — आणि लगेच कळव, कोणाहाती कळव, मला नाही तर साहेबांना — फक्त एवढंच की ते घरी —