तुल्बा नावाची मेणबत्ती

दुमयात,
५ फेब्रुवारी १९८०

आदरणीय अवातिफताईस,
फिक्रीचा सलाम. वि. वि.

तुझे पत्र पोचले. मुलांचा खोकला थांबला हे वाचून बरे वाटले. इकडे सर्व ठीक. बाबांना मात्र हल्ली ऐकू कमी येते असे दिसते. गिऱ्हाईक दारातून उस्ताद तुल्बा, उस्ताद तुल्बा अशा हाका मारून दमते, तेव्हा कुठे मान वर करतात. पण माझ्या रंध्याखाली लाकडाची गाठ आली, तर कारखान्याच्या दुसऱ्या टोकाहून ओरडतात, की अरे हळू, फाटेल. करवतीने कान गेले म्हणावे, तर हे कसे ऐकू येते ते मला समजत नाही.

वग्दीदादाला कुवेतमध्ये मुलगा झाल्याचे तुला कळलेच असेल. ताई, त्याने नाव तुल्बा ठेवले आहे. बाबांचे नाव. गेल्या ईदला मुशीरावहिनी सर्वांसमोर काय म्हणाली होती ते आठव. असले नाव भाजीवाल्याला शोभते, माझ्या मुलाला नको. तेव्हा तू हसलीस, मीही हसलो. पण मला मनातून फार हलके वाटले होते. नाव माझ्यासाठी राहिले, असे मी धरून चाललो. रावयाला आता पाचवा महिना आहे. तिच्या पोटातल्या मुलाशी मी त्याच नावाने बोलतो.

दादाने पाठवलेला फोटो बाबांनी सरसाच्या भांड्यावरच्या भिंतीला खिळे ठोकून लावला. येईल त्याला दाखवतात, की हा आमचा तुल्बा. मी चौदा वर्षांचा असल्यापासून त्यांच्याशेजारी बसून खुर्च्या कोरतो. त्यातली एकही त्यांनी कुणाला अशी बोलावून दाखवली नाही.

दादाला कॉलेज मिळाले, कुवेत मिळाले, त्याबद्दल मी कधी बोललो का? आताही मी रागावलेलो नाही. एवढेच विचारतो, की घरात एकाने ठेवलेले नाव मी पुन्हा ठेवले तर चालेल का? दादाला तूच विचारलेस तर बरे होईल.

मुलांना पापा. तुझी सावली आहे तशीच माझ्यावर असू दे.
तुझा धाकटा,
फिक्री

अलेक्झांड्रिया,
१४ फेब्रुवारी १९८०

चि. फिक्रीस,
ताईचे पोटभर आशीर्वाद.

रागावलेला नाहीस म्हणे! कागदाला भोक पडेपर्यंत पेन दाबलंयस. लहानपणी दादाच्या सँडलशेजारी स्वतःची सँडल ठेवून बाबांच्या पट्टीनं मोजायचास, आणि दादाची मोठी निघाली की जेवायचा नाहीस. दादाचा पाय मोठा आहे रे, असं आई सांगून थकायची. तोच तू, मिशा तेवढ्या नव्या.

नाव म्हणजे काय ताटातली शेवटची भाकर आहे, की एकानं खाल्ली आणि संपली? आमच्या जिन्यात महमूद अशी हाक मारली की चार दारं उघडतात आणि चौघंही जिवंत आहेत. पण दादाला मी विचारणार नाही. माझ्या खांद्यावर बंदूक नको. स्वतः लिही, आणि लिहिताना वहिनीचा भाजीवाला मध्ये आणू नकोस. आणि मुलगाच होणार हे तुला कुणी सांगितलं? मुलगी झाली तर माझं नाव ठेव. ते अजून कुणी वापरलेलं नाही, कोरं करकरीत आहे.

रावयाला पाण्याच्या बादल्या उचलू देऊ नकोस. सुबूला, म्हणजे बाळाच्या सातव्या दिवशी, मी येणारच. तोवर आमच्याबद्दलचं मन आंबट होऊ देऊ नकोस.
ताई

दुमयात,
२ मार्च १९८०

आदरणीय वग्दीदादास,
फिक्रीचा सलाम. वि. वि.

मुलाबद्दल तुझे आणि वहिनीचे अभिनंदन. फोटो पाहिला. मूल गोरे व गुटगुटीत आहे.

दादा, एक विचारायचे आहे. आमच्याकडे मुलगा झाला तर त्याला बाबांचे नाव द्यावे अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. तू ते आधी ठेवलेस, तो थोरला म्हणून तुझा हक्क. पण तुझ्या मुलाला बाबांनी अजून मांडीवर घेतलेले नाही. माझा मुलगा याच कारखान्यात भुशात रांगेल, बाबांच्या पायांशी. ज्या घरात ते नाव रोज ऐकू येते तिथेच ते पुढे चालावे, असे मला वाटते. तुला दुखवायचा हेतू नाही. वहिनीला ते नाव पूर्वी आवडत नव्हते, म्हणूनही मी विचारण्याचे धाडस केले.

उत्तराची वाट पाहतो. धाकट्याला मनात जागा असू द्यावी.
फिक्री

कुवेत,
२० मार्च १९८०

प्रिय फिक्रीस,
दादाचे आशीर्वाद.

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि दिवसभर एकाही बेरजेत लक्ष लागलं नाही. तुझ्याकडे बाबा आहेत. सकाळी त्यांचा चहा आहे, शिव्या आहेत, दुपारी त्यांच्या ताटातलं चीज आहे. माझ्याकडे इथे वाळू आणि फाइली. बाबांचं असं माझ्याकडे एक नाव आहे, आणि तेसुद्धा मी मुशीराशी महिनाभर भांडून मिळवलं. आणि तू म्हणतोस, ते दे.

दुमयातमध्ये दोन तुल्बा झाले तर लोक तुल्बा कुणाला म्हणतील? जो डोळ्यांसमोर आहे त्याला. माझा मुलगा होईल कुवेतवाला, तो दुसरा. सुट्टीत घरी येईल आणि त्याच्याच आजोबांच्या दारात त्याला विचारतील, की तू कोण? मला तुझा हेवा वाटतो, फिक्री. तू कधी मानणार नाहीस, पण मला नेहमीच वाटत आलाय.

तरी नाही म्हणणारा मी कोण? नाव बाबांचं आहे. सुबूला बहियाआत्या एकेका नावाची एकेक मेणबत्ती लावेलच, जी सर्वांत शेवटी विझेल तेच बाळाचं नाव. त्यातली एक तुल्बाच्या नावाची लाव. तीच शेवटपर्यंत जळली, तर मी एक शब्द बोलणार नाही.

रावयाची काळजी घे. भांडलो तरी भाऊच आहोत, हे ध्यानात ठेव.
वग्दी

दुमयात,
२५ जून १९८०

आदरणीय दादास,
फिक्रीचा सलाम.

आमच्याकडे मुलगा झाला. रावया सुखरूप आहे. तू जिंकलास.

कुणी बोट दाखवू नये म्हणून मेणबत्त्या मीच आणल्या, एकाच पुडक्यातल्या. उंची मोजली, वाती सारख्या कापल्या. पहिली तुल्बाची. दुसरी ऐमनची, ते रावयाचे आवडते. तिसरीला बाबांकडे नाव मागितले, तर म्हणाले, की आपल्या घराण्यात आजवर कुणाचे नव्हते असे कुठलेही चालेल. मग आत्याने रेडिओवर ऐकलेले हातिम सुचवले.

बाळाला चाळणीत घालून हलवले. आत्या कानाशी खलबत्ता कुटत ओरडत होती, की बापाचे ऐक, आईचे ऐकू नकोस, आणि बायका हसत होत्या. रावया रिवाजाप्रमाणे बाळाला ओलांडत होती, मुले मीठ उधळत होती, आम्ही सारे तिकडे वळलो होतो. वळून पाहिले तर तुल्बाची मेणबत्ती विझलेली. अर्धीही जळली नव्हती. खिडकी मी स्वतः बंद केली होती. ऐमनची त्यानंतर गेली, हातिमची तळापर्यंत जळली.

बाबा मेणबत्त्यांना अगदी लागून बसले होते. त्यांनी साधी हळहळही केली नाही. हातिम, छान नाव आहे, एवढे म्हणाले आणि बाळंतिणीसाठी केलेले मोगात पेलाभर प्यायले. त्यांना एक तुल्बा पुरेसा आहे, तो भिंतीवर आहे. मन्सूरा शहरात एका कारखान्यात कोरीवकामाची जागा निघाली आहे. महिनाअखेर आम्ही तिघे तिकडे जाऊ. आता बाबांचा चहा कोण करील ते तू आणि ताई ठरवा.

कळावे.
फिक्री

अलेक्झांड्रिया,
३ जुलै १९८०

चि. फिक्रीस,
आशीर्वाद आहेत, पण आज कान धरून.

रावयाचं पत्र आलं. तू बाबांशी बोलत नाहीस, ट्रंक बांधायला काढलीयस. आता हे नीट बसून वाच आणि वाचून फाडून टाक, कारण मी बाबांना कुणाला न सांगण्याचा शब्द दिला होता आणि तो मोडतेय.

ती मेणबत्ती बाबांनी विझवली. आत्या खलबत्ता कुटत होती तेव्हा मी समोर बसले होते. त्यांनी अंगठा आणि बोट जिभेला लावलं आणि वात चिमटीत धरली. मी पाहिलं हे त्यांनीही पाहिलं. दुसऱ्या दिवशी मला बसवर सोडायला आले, तेव्हा मी सरळ विचारलं, की बाबा, स्वतःच्या हातानं स्वतःचं नाव विझवलंत, फिक्रीच्या पोरानं तुमचं काय बिघडवलंय?

बराच वेळ नुसते माझी पिशवी या हातातून त्या हातात घेत राहिले. मग म्हणाले, की त्यांच्या लहानपणी अंगणात दोन तुल्बा होते. थोरल्या चुलत्याचा मुलगा आधीचा, म्हणून तो तुल्बा. आणि हे, तो दुसरा. भट्टीतून भाकरी निघाल्या की आजी तुल्बा अशी हाक मारायची. हे धावत जायचे, आणि आजी म्हणायची, की तू नाहीस रे, तो. असं इतक्यांदा झालं, की यांनी नावाला मान वर करणंच सोडलं. पुन्हापुन्हा हाक आली, म्हणजे आपल्यालाच असणार, असं धरून वळायचे. अजून ती सवय गेली नाही. चुलतभाऊ जाऊन वीस वर्षं झाली, तरी गेली नाही.

फिक्री, त्यांचे कान शाबूत आहेत.

मला म्हणाले, की वग्दीच्या मुलाला ते नाव असू दे, तो तिकडे एकटाच तुल्बा आहे. पण हा माझ्या डोळ्यांसमोर वाढणार. याला कुणी हाक मारली आणि मग तू नाहीस रे असं म्हटलं, तर मला ते बघवणार नाही.

आता ट्रंक बांधायची असेल तर बांध. पण मला कळवू नकोस.
ताई

दुमयात,
१२ जुलै १९८०

आदरणीय दादास,
फिक्रीचा सलाम. वि. वि.

मागच्या पत्रात मी जे लिहिले ते मनावर घेऊ नकोस. मन्सूराचे रद्द केले. तिथले लाकूड बरे नाही, असे समजले.

हातिमचा फोटो काढून आणला. भिंतीवर तुझ्या तुल्बाशेजारी लावला. त्यासाठी तुझा फोटो थोडा डावीकडे सरकवावा लागला, त्याबद्दल क्षमस्व. दोन्हींची उंची पट्टीने मोजून सारखी ठेवली आहे. तुझ्या फोटोची चौकट किंचित मोठी आहे, ती मी तशीच राहू दिली.

सुट्टीत तुम्ही येणार असे वहिनी लिहितात. जरूर या. दारात तुझ्या मुलाला तू कोण असे कुणीही विचारणार नाही, हे मी पाहीन. या घरात लहान तुल्बा एकच आहे आणि तो तुझा आहे. मी हे खुशीने लिहितो आहे. अगदी पूर्ण खुशीने नाही, पण लिहितो आहे.

बाबांची प्रकृती उत्तम. कानांचे मी ताईला काही लिहिले होते, ते चुकीचे होते. काल दुपारी ते दाराकडे पाठ करून खुर्चीचा पाय कोरत होते. मी आतून हातिम अशी हळूच हाक मारली. एकदाच. बाळाला अजून काय कळणार, ते झोपलेले होते. पण बाबांनी पटाशी खाली ठेवली आणि लगेच मागे वळून पाहिले.

तुझ्या तुल्बाला आमच्या हातिमकडून पापा. लोभ असू दे, थोडा हेवाही असू दे.
तुझा धाकटा,
फिक्री