खंडेनवमीला धुतलेले पंखे

२ सप्टें.
फवारणीच्या ड्रोनची फ्रेम टेबलावर. चार हात, फुलीसारखे तिरके, म्हणजे पुढची जागा फवाऱ्याला मोकळी राहते. सहा हातांचंही गणित करून पाहिलं. वजन वाढतं, बॅटरी लवकर बसते. पण सहात एक मोटर मेली तरी ड्रोन कसंबसं उतरतं. चारात मेली की संपलं, धप्पकन खाली. ठरत नाही.
दादाला विचारलं. "मले काय विचारतं? आयटीआयत पोरायले तू शिकवतं." मग म्हणाला, "अंगावर पडलं नाही पाह्यजे, एवढं पाह्य."

५ सप्टें.
दादाला फवारताना विषबाधा झाली, त्याला वर्ष झालं. पाठीवर पंप, खांद्याएवढी कपाशीची पऱ्हाटी, आणि एका टाकीत दोन औषधं. "दोन्ही संगंच टाक, एका फेरीत काम होते," असं उ.नेच सांगितलं होतं. उ. म्हणजे नेरचा कृषी केंद्रवाला उत्तमराव. पुढे पूर्ण नाव लिहिणार नाही, त्याची तेवढी लायकी नाही. तो बोलला तेव्हा मी काउंटरशी उभी होते. दादा अकरा दिवस दवाखान्यात. उजवा डोळा गेला.
चौकशीला कृषी खात्याचे साहेब आले तर उ. म्हणतो, "तो पिऊन फवारत होता." दादाने जन्मात थेंब घेतला नाही. माझं म्हणणं, बहीण म्हणून, कोणी लिहूनही घेतलं नाही. आता पारावरची माणसं दादाला पाहून डोळे मिचकावतात.
मला भरपाई नको. त्याने चारचौघांत, स्वतःच्या तोंडाने सांगावं की खोटं बोललो. नाहीतर त्याचं असं काहीतरी व्हावं की...

१४ सप्टें.
उ.ने नागपूरहून ड्रोन आणलं. मोठं, सहा पंख्यांचं. दुकानावर फलक: 'आता विषबाधेची भीती नाही.' बसस्टॉपवरून वाचला. हाच माणूस!
घरी आल्या आल्या ठरवलं, माझं चारच पंख्यांचं. त्याच्यासारखं काहीही नको. हलकं, चपळ, त्याच्या डोळ्यांसमोर त्याच्यापेक्षा आधी वावर संपवणारं.
दादा : "रागानं पंखे मोजून राह्यली काय?"
हो. रागानेच.

३ ऑक्टो.
चार पंख्यांचं पहिलं उड्डाण, वावराच्या धुऱ्या-बांधावर. दोन मिनिटं छान. मग मागची डावी मोटर थांबली. दादा उभा होता तिथून हातभर अंतरावर पडलं. तो हसला. मोटर बदलली. चार ते चारच.

१७ ऑक्टो.
खंडेनवमी. घरी सोल्डरिंग आयर्न, मीटर, नट खोलायचे पाने आणि दादाचा विळा मांडून पूजा केली. मग बाजारातल्या सगळ्यांसारखं मलाही उ.कडचं बोलावणं. गेले. मुद्दाम.
ड्रोन पाटावर, झेंडूचा हार. पूजेची भांडी घासावी तसे उ.ने सहाही पंखे काढून परातीत धुतले होते, प्रत्येकाला हळदकुंकू लावून परत बसवले होते. "सारं माह्या हातानं," सगळ्यांना सांगत होता.
वाकून नमस्कार केला तेव्हा दिसलं. निम्मे पंखे उजवीकडे फिरणारे, निम्मे डावीकडे, पात्याचा उतार उलट. एरवी दिसायला सारखेच. याने दोन अदलाबदल करून बसवलेत. उडवायला गेला की ड्रोन जागच्या जागी उलटणार, पाती तुटून उडणार. अख्ख्या बाजारासमोर.
पेढा घेतला. गप्प बसले. खूप आनंद झाला, खोटं कशाला लिहू.

१९ ऑक्टो.
२५ला बाजार समितीच्या आवारात प्रात्यक्षिक. साहेब येणार, माइक, फोटो. आणि उ.ने दादाला निरोप पाठवलाय, पहिल्या रांगेत उभा राह्य. ज्याला विषबाधा झाली तोच माणूस फोटोत हवा!
दादा हो म्हणाला. मी भांडले.
"पाहू दे लोकायले," म्हणे, "मी किती सरळ उभा राह्यतो ते."
पहिली रांग. पाती तिकडेच उडतील. हे मला आधी का सुचलं नाही?

२० ऑक्टो.
दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हतं. सांगितलं, तुमचे पंखे चुकीचे बसलेत, उलटेल. कोणते ते मी दाखवते. आधी २५ला माइकवर कबूल करा, 'तो प्यायला नव्हता आणि औषधं मिसळायला मीच सांगितलं.'
हसला. "तुले जळून राह्यलं, बाई."
पण मी निघाले तेव्हा तो पाटाजवळ बसून पंखे निरखत होता.

२३ ऑक्टो.
उ. घरी आला. ड्रोन कंपनीचा माणूस फोन उचलत नाही, ऑफिसवाले दिवाळीनंतर बघू म्हणतात. आणि पंखे याला सगळे सारखेच दिसतात.
अंगणात उभा राहून दादाला म्हणाला, "तू पेला नव्हता. मले मालूम हाय." ऐकायला कोण? आम्ही दोघं आणि दावणीची म्हैस.
दादा म्हणाला, "बसा." त्याला चहा दिला! ज्या हाताने पंप मारला त्याच हाताने!
मी : "हे माइकवर."
"दुकान बसन माह्यं."
"बसू द्या."
अर्धा चहा ठेवून उठला. "मंग उडवूनच दाखवतो. पाहू कोणाचं खरं."

२४ ऑक्टो.
चारची फ्रेम सोडवून मी सहा हात जोडत बसले होते, तेव्हा दादा आला. "सहा काहून?"
"तुझ्या वावरात, तुझ्या डोक्यावरून उडेल म्हणून."
"आन उद्या त्याच्यावाल्यापाशी लोकं उभे राह्यतीन, ते?"
मी पुढचा स्क्रू पिळला. त्या लोकांनीच वर्षभर डोळे मिचकावले. पण त्यांत पोरंबाळंही असतील.
पाना पिशवीत टाकलाय. आधी माइक, मग पाना. एवढं एकच मागणं आहे माझं, आणि ते खरं आहे. मागे का सरू?
दादाने पांढरा सदरा स्वतः इस्त्री करून खुंटीला लावला. म्हणाला, "मी उद्या सर्वायच्या पुढं उभा राह्यतो. पंख्यापासून चार हातावर."
"वेडा आहेस का? मी सांगितलं तरी सरकणार नाहीस?"
"सरकीन ना. पन मले एकट्याले नोको सांगू. सर्वायले सांग."