साहेबांचे वडील

साहेब झालेल्या दादास,

सत्तरी गाठलेल्यांना सरकारने मारायचं, हा कायदा तुमच्याच खात्याचा. काल बाबांची पाळी होती. केंद्रावर रांग इतकी लांब, की नंबर लागायच्या आत दार बंद झालं असतं आणि बाबांना आणखी एक रात्र घरी मिळाली असती. मी जीव मुठीत धरून गप्प उभी होते. पण बाबांना कुठलं राहवतंय! शिपायाला म्हणाले, "माझा मुलगा तुमच्याच खात्यात साहेब आहे, बरं का!"

"मग आधी नाही का सांगायचं, काका?" म्हणत त्याने त्यांना थेट आत नेलं.

दारातून वळून बाबा मला म्हणाले, "बघितलंस? पोरगा कामाला आला."

हे पत्र टाकणार नाही. आई तुझ्याकडे असते, तिच्या हाती लागेल. तिलाही तुझा फार अभिमान आहे.

बिनवशिल्याची,
तुझी धाकटी