ऐकू येईल तेवढंच

१४ नोव्हेंबर

ती. ताईस,

नमस्कार. मी बरी आहे. उजवा गुडघा आपल्या मर्जीने वागतो, तेवढं सोडलं तर सगळं ठीक. तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले, उत्तर नाही, म्हणून तू गाल फुगवून बसली असशील. कामाचा डोंगर होता हे कारण खरं आहे, पण पुरतं खरं नाही.

काम तेच. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी सिनेमातले आवाज पडद्याच्या तळाशी शब्दांत लिहायचे. दार वाजतं. भांडं पडतं. दूरवर कुत्रा भुंकतो. या वेळी आमच्या बाईंनी कुठला सिनेमा हातात द्यावा? पंपघरातल्या प्राण्याचा! तू सोळाची, मी बाराची, मावशीला ‘प्राण्यांचा सिनेमा आहे’ असं सांगून गेलो होतो तो. खोटं काही बोललो नव्हतो म्हणा.

आठवतं ना? बंद पडलेल्या पंपघरात एकटी राहणारी ती बाई आणि टाकीतला तो खवल्यांचा. तो तिच्यावर जीव टाकतो आणि तिच्याकडे येणाऱ्याला पाण्यात ओढतो. शेवटी ती निघून जाते, तो टाकीत एकटा उरतो. सगळं थिएटर टाळ्या वाजवत होतं आणि मी हमसून हमसून रडत होते. तू म्हणालीस, “अगं वेडे, रडतेस कुणासाठी? माणसं खाल्लीत त्यानं!” घरी पोचेपर्यंत तुझी थट्टा चालू होती.

आता दुपारी, टेबलाशी बसून पाहिला तर भीती कसली वाटतेय! त्याच्या पोशाखाची पाठीवरची चेन स्पष्ट दिसते.

एक प्रसंग मात्र मी अकरा वेळा मागे नेला. तिला मागणी घालायला सुतार येतो तो. त्यालाही प्राण्याने ओढलं, असंच माझ्या डोक्यात होतं. तसं नाहीये. ती आत झोपलेली असते, सुतार दार वाजवतो आणि प्राणी नुसता तिच्या आवाजात सांगतो, “मी नाही येणार. जा.” सुतार जातो. मग टाकीतून एक आवाज येतो. मी लिहिलं, ‘प्राणी रडतो.’ बाईंनी खोडलं. म्हणाल्या, “रडतो हे तू ठरवलंस. ऐकू येईल तेवढंच लिही.” मग मी लिहिलं, ‘पाणी हलतं.’

तर आता ऐकू आलं तेवढंच लिहिते.

सत्तावीस वर्षांपूर्वीचा रविवार. तुझा तो घड्याळवाला लग्नाबद्दल तुझं उत्तर विचारायला फोन करणार होता. सकाळपासून तू फोनपाशी बसलेली. आईची औषधं संपली होती. मी म्हणाले, “तू जा, मी बसते.” दार लागतं. आत आई खोकते. फोन वाजतो.

“तूच ना?”

“हो.”

आपले आवाज फोनवर सारखेच. मावशीसुद्धा फसायची.

“मग काय ठरवलंस?”

“मी नाही येणार.”

तो म्हणतो, “बरं. काळजी घे.” फोन ठेवल्याचा आवाज. वीस मिनिटांनी दार उघडतं. “फोन आला होता का गं?” “नाही.”

तू रात्री जेवली नाहीस. पुढचे तीन रविवार तू घराबाहेर पडली नाहीस, आणि मी तुला चहा करून दिला.

मला भीती वाटली होती, ताई. तू गेल्यावर त्या घरात आईचा खोकला आणि मी, एवढंच उरणार होतं. मला तू हवी होतीस. याहून चांगलं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

तू लिहिलंस, आई गेली, आता आपण दोघीच, मागची खोली रंगवून घेते, कायमची ये. मला यायचंय. पण हे न सांगता आले तर तेव्हा जे हवं होतं ते मला अगदी पुरतं मिळाल्यासारखं होईल.

सामान बांधलेलं नाही. हो की नाही ते फोनवर सांग. मी उचलेन, आणि कोण बोलतेय ते आधी सांगेन.

एरवी खाली ‘तुझीच’ लिहिते. आज ते तुझ्यावर सोडते.

धाकटी