विमानाचा रंग

ती. ताईस,
धाकट्याचा वाकून नमस्कार.

दादाकडे सुखरूप पोचलो. तुझा गुडघा काय म्हणतोय?

काल दादाने मला मोटारसायकलवर मागे बसवून विमानतळाच्या कुंपणापाशी नेलं. त्याच्या विमानवेड्या मंडळींना जन्मभर हाच नाद. वाटेत मी शाळेतल्या कविता म्हणत होतो आणि तो "पुरे रे, मास्तर!" म्हणून हसत होता.

तिथे त्यांचा जुना खेळ रंगला. डोळे मिटायचे आणि नुसत्या आवाजावरून विमान ओळखायचं. दादाने झटक्यात ओळखलं. मी कौतुकाने पाहिलं, तर त्याचे डोळे टक्क उघडे! विमान डोक्यावर होतं आणि तो मला विचारत होता, "रंग कोणता रे त्याचा?"

ताई, माझ्या पायाखालची जमीनच सरकली. याच्याच मागे बसून मी आलो होतो!

"दादा, तुला दिसत नाही?"

"धूसर दिसतं. रस्ता पाठ आहे रे, तुझ्या कवितांसारखा."

परतताना गाडी मी चालवली. तो मागून प्रत्येक वळण आधीच सांगत होता आणि एकही चुकलं नाही, याचीच मला जास्त धडकी भरली.

किल्ली माझ्या खिशात आहे. सकाळपासून तो लहान मुलासारखा ती मागतोय आणि मला नाही म्हणवत नाही. तुला मात्र तो अजून घाबरतो. पत्र मिळताच फोन कर.

तुझा,
धाकटा