‘रेल्वे’च्या काचांची तपासणी

सोमवार, ६ मार्च
पेपरात समोरच्या ‘रेल्वे’ पबचा फोटो. अर्धं पान! काउंटर म्हणे अस्सल महोगनी, भिंतींना राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या बाटलीहिरव्या टाइल्स, छतावर नक्षी. मधोमध मालक विल्फ ऑगडेन, जणू टाइल्स त्यानेच भाजल्यात. मला मत्सर वाटत नाही. नोंद म्हणून लिहितोय.

आमचा पब ‘प्लाऊ’ही तितकाच जुना. फक्त बिअर कंपनीने मधल्या भिंती पाडल्या, काउंटरवर सनमायका ठोकला, खाली गालिचा घातला, म्हणून तसा दिसत नाही. एडना म्हणाली, जळतोयस तू नॉर्मन. नवऱ्याशी बोलायची ही पद्धत?

संकल्प: ‘रेल्वे’त पाऊल टाकायचं नाही.

मंगळवार, ७ मार्च. संध्याकाळी
‘रेल्वे’त गेलो. तपासणीसाठी. शत्रूचा किल्ला आतून बघावाच लागतो.

त्यांच्या काउंटरवर तोंडासमोर येतील अशा छोट्या, धुरकट, वेलबुट्टीच्या काचांची रांग आहे. एकेक काच झडपेसारखी फिरते. पूर्वी बडे लोक प्यायला येत, तेव्हा पबवाल्याला त्यांचं तोंड दिसू नये म्हणून ही सोय. पडदानशीन साहेब! काचेखालच्या फटीतून फक्त हात आणि ग्लास ये-जा करतात. मी कोपऱ्यातली काच लावून घेतली आणि स्कॉटिश आवाज काढून माइल्ड बिअरची पिंट मागवली. विल्फला पत्ता नाही. रुमालाने काचेचं माप घेतलं. दुसरी पिंट माप पक्कं करायला.

एवढ्यात लाकडी आडोशापलीकडून मिसेस फेअरक्लफचा आवाज. ही बाई आमची! नवरा गेल्यापासून रोज संध्याकाळी आमच्याकडे काळी स्टाउट बिअर घेत बसते. विल्फला सांगत होती की ‘प्लाऊ’त बसलं की इस्पितळाच्या कँटीनमध्ये बसल्यासारखं वाटतं. उरलेली पिंट मी एका दमात संपवली. त्याची माइल्ड बरी आहे. आमच्यापेक्षा नाही.

घरी एडना म्हणाली, दुसऱ्याच्या बिअरचा वास येतोय. म्हटलं, वारा तिकडून आहे.

शनिवार, ११ मार्च
उपाय सापडला. आमची गिऱ्हाइकं विल्फच्या तोंडाकडे बघून तिकडे जात नाहीत, काचांसाठी जातात. मग आपणही लावू. एक दवाखाना पाडतायत, तिथल्या काचा मिळाल्या. जुन्या आहेत, धुरकट आहेत, आणखी काय हवं? काहींवर ‘बेल वाजवून थांबा’ असं लिहिलंय. ते खरवडून काढू.

छताला फळ्या ठोकून काळं पॉलिश मारलं. आता जुन्या तुळया वाटतात. मला तरी.

बुधवार, १५ मार्च
काचा बसल्या. अक्षरं निघाली नाहीत. डॉमिनो खेळणारे पर्सी आणि सिड आमचे सर्वांत जुने. पर्सीने ते वाचलं आणि बेल शोधत बसला. सिडने विचारलं, डॉक्टर आत आहेत का? पहिल्या दिवशी थोडी चेष्टा व्हायचीच.

वरचं पॉलिश अजून ओलं आहे. एक थेंब पर्सीच्या पिंटमध्ये पडला. मी म्हटलं, इतिहास आहे तो. तो म्हणाला, मग तूच पी.

शुक्रवार, १७ मार्च
पुन्हा ‘रेल्वे’. त्यांच्या काचा कशा फिरतात ते नीट बघायचं होतं, आमच्या अडकतात. त्याच कोपऱ्यात बसलो, उजेड तिथे बरा पडतो. दोन पिंट माइल्ड. बिजागरी पितळी आहे. विल्फ कोणाशी तरी हसत होता. त्याच्या हसण्याचा मला मनापासून राग येतो.

रविवारीही जाऊन आलो. बिजागरीसाठीच.

मंगळवार, २१ मार्च
यश! आमच्या काचांमागे आज कमालीची शांतता. ना डॉमिनोची खडखड, ना तक्रार, ना कोणी सारखं हाका मारतंय. याला म्हणतात अदब. एडनाला म्हटलं, बघ, माणसं सुधारली. ती म्हणाली, जरा पुढे जाऊन बघ.

बघितलं. कोणीच नव्हतं. रिकामे ग्लास ओळीने ठेवून सगळे बाजूच्या दाराने निघून गेले होते. काचांमुळे मला ते दिसलंच नाही. कधी गेले कोण जाणे. म्हणजे अर्धा तास मी रिकाम्या बाकांना हवापाण्याचं सांगत होतो.

दोष काचांचा नाही. बसवण्याचा आहे.

शनिवार, २५ मार्च
ईस्टरची सुट्टी, आणि ‘प्लाऊ’त सकाळपासून काळं कुत्रं फिरकलं नाही. एडनाने स्टूल आणून निम्म्या काचा उतरवल्या. मी अडवलं नाही. उरलेल्या कशा बसवायच्या ते एकदाचं बघून यावं म्हणून ‘रेल्वे’त गेलो. ही शेवटची तपासणी.

तुडुंब गर्दी. कोपरा तेवढा मोकळा होता, कोणीतरी राखून ठेवल्यासारखा. बसलो, काच लावली, घसा साफ केला. तोंड उघडायच्या आत खालच्या फटीतून विल्फचा हात आला. माइल्डची पिंट ठेवून त्याने विचारलं, नेहमीचंच ना, नॉर्मन?

पलीकडून मिसेस फेअरक्लफ म्हणाली, अरे नॉर्मन, ती काच उघड की. पर्सी आणि सिडही आहेत इथे.

आमच्या धंद्यात ‘नेहमीचंच ना’ हे मालक कोणाही आल्यागेल्याला विचारत नाही. आपल्या माणसाला विचारतो. मंगळवारपासून मी कोणाला विचारलेलं नाही, विचारायला समोर कोणी आलंच नाही.

मी हो म्हणालो. ऐकून बरं वाटलं, तेच जास्त झोंबलं.